गेमिंगसाठी महाग हेडफोन घ्यावेत का? पैसे मोजण्याआधी घरी करून बघायची तपासणी

पंधरा-वीस हजारांचा हेडफोन घेतला की समोरच्याची पावलं आधी ऐकू येतील, या आशेवर नाशकात कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत बरीच मुलं पैसे साठवत असतात. आशा अगदीच खोटी नाही. पण पीसीवर खेळताना आवाज बहुतेक वेळा हेडफोनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेला असतो. विंडोजची सेटिंग, कॅबिनेटच्या पुढची पिन, खोलीतला कूलर, कानावर नीट न बसणारी गादी, यांपैकी काहीतरी आड येत असतं. म्हणून आधी फुकटातल्या दुरुस्त्या करा, मग मोजून चाचणी घ्या आणि खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी करा. क्रम उलटा झाला तर नव्या हेडफोनमध्येही तीच खरखर आणि दिशेचा तोच गोंधळ ऐकू येतो, फक्त बिल मोठं झालेलं असतं.

दिशा कळते ती कशामुळे

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. अगदी उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद पोचतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू डावं-उजवं ओळखतो. गेममध्ये एचआरटीएफ (आवाज दिशेप्रमाणे दोन्ही कानांना कसा वेगळा ऐकू येईल याचं गणित) चालू असेल तर गेमच हा फरक गणित करून दोन चॅनेलमध्ये घालतो. हेडफोन आठशेचा असो की ऐंशी हजारांचा, तो फरक दोन्हींमधून सारखाच कानापर्यंत येतो.

पुढे-मागे ओळखणं खरं अवघड. समोरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो, त्यामुळे वेळेचा फरक कामाला येत नाही. तिथे कानाच्या बाहेरच्या भागाची वळणं मदत करतात. ती साधारण ४ ते १० किलोहर्ट्झमधला आवाज दिशेप्रमाणे थोडा बदलतात. गेम मात्र सगळ्यांसाठी एकाच सरासरी कानाचं माप वापरतो. तुमचा कान त्या मापाच्या जवळ असेल तर पाठीमागचा माणूस पाठीमागेच वाटतो. नसेल तर तो समोर भासतो, आणि कितीही महाग हेडफोन घेतला तरी हा दोष पूर्ण जात नाही. 'घेतला वीस हजारांचा, तरी मागून मरतोय' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मग किमतीमुळे बदलतं काय? डावा आणि उजवा ड्रायव्हर (हेडफोनमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर) एकमेकांशी किती जुळतात, बेस किती आवरलेला आहे, वरचे सूर किती स्वच्छ येतात, तीन तासांनी डोकं आवळतं का, माइक कसा आहे आणि वस्तू किती टिकते, हे सगळं बदलतं. खेळाच्या दृष्टीने यातला बेस सगळ्यात महत्त्वाचा. स्वस्त 'गेमिंग' हेडसेटमध्ये धमाके दणदणीत वाटावेत म्हणून बेस मुद्दाम फुगवलेला असतो. खालचे सूर मोठे झाले की ते वरच्या बारीक आवाजांना झाकतात. पावलांची ओळख पटते ती बुटांच्या घासण्यातून आणि टाचांच्या टकटकीतून, आणि नेमकं तेच त्याखाली बुडून जातं.

पहिला टप्पा: विंडोज आणि गेममधल्या फुकट दुरुस्त्या

हे अर्ध्या तासाचं काम आहे. मध्येच सोडू नका.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, साउंड असं जाऊन तुमच्या हेडफोनच्या नावावर क्लिक करा. फॉरमॅट २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. १९२००० निवडून गेममध्ये काही मिळत नाही. ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. 'मोनो ऑडिओ' चालू राहिलेलं नाही ना, हे डोळ्यांनी बघा. ते चालू असेल तर दोन्ही कानांत एकच आवाज जातो आणि दिशा कळणं अशक्य होतं. डाव्या-उजव्या बाजूंचे व्हॉल्यूम सारखे आहेत का तेही तिथेच तपासा.

मग 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडून कम्युनिकेशन्स टॅबमध्ये 'डू नथिंग' निवडा. मूळ सेटिंग अशी असते की कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं. काही कॉलिंग ॲप्समध्ये ते लागू होतं आणि मित्र बोलायला लागले की गेमचा आवाज अचानक खाली जातो. दोष मात्र हेडफोनला दिला जातो.

यानंतर सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट: व्हर्च्युअल सराउंड, म्हणजे चहूबाजूंना स्पीकर असल्याचा सॉफ्टवेअरने केलेला भास. हेडसेटच्या खोक्यावर ७.१ (सात स्पीकर आणि एक बेसचा) लिहिलेलं असलं तरी आत बहुतेक वेळा प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो आणि बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये दिशेचं गणित गेम स्वतः करतो. व्हॅलोरंटमध्ये एचआरटीएफचा पर्याय सेटिंगमध्ये आहे. अशा गेमवर हेडसेटचं ७.१ किंवा विंडोजमधलं सराउंड, म्हणजे विंडोज सॉनिकही लावलं, तर एकदा गणित केलेल्या आवाजावर पुन्हा गणित होतं. आवाज बादलीतून आल्यासारखा घुमतो आणि पुढे-मागे समजेनासं होतं. म्हणून नियम एकच: गेममध्ये एचआरटीएफ असेल तर विंडोज आणि हेडसेटचं सराउंड बंद. गेममध्ये ते नसेल आणि गेम ७.१ बाहेर देत असेल, तरच विंडोज सॉनिक चालू करा, ते फुकट आहे. डॉल्बी ॲटमॉस या तशाच सॉफ्टवेअरला पैसे पडतात. त्याचा ट्रायल वापरून बघा आणि फरक जाणवला तरच घ्या.

शेवटी इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय. 'इक्वलायझर एपीओ' हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सुरुवातीला प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) उणे ४ डेसिबल करा. मग १२० हर्ट्झच्या खालचा भाग लो-शेल्फ फिल्टरने ५ डेसिबल कमी करा आणि ३ किलोहर्ट्झजवळ ३ डेसिबल वाढवा. क्यू, म्हणजे त्या वाढीचा पट्टा किती अरुंद ते, साधारण १ ठेवा. प्रीॲम्प खाली न आणता वाढवलं तर मोठ्या धमाक्याला आवाज फाटतो. ३ किलोहर्ट्झ सहा-सात डेसिबलनी वाढवायचा मोह आवरा, तासाभरात कान थकतात. बेस फुगलेल्या साध्या हेडसेटमध्ये एवढ्या बदलाने पडणारा फरक कित्येकदा नव्या खरेदीपेक्षा मोठा असतो.

खरखर आणि घरघर कुठून येते

गेम सुरू होताच किंवा माउस हलवताच बारीक सरसर येत असेल तर हेडफोन निर्दोष आहे. कॅबिनेटच्या पुढच्या पिनेपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी पातळ वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथली विजेची खळबळ पकडते. हेडफोन मागच्या हिरव्या पोर्टला लावून बघा. आवाज थांबला तर पुढची पिन सोडून द्या आणि दोन मीटरची एक्स्टेंशन वायर घ्या. मागेही येत असेल तर हजार-दीड हजाराचं साधं यूएसबी डॅक डोंगल (यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड) घ्या. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर घरघर बंद झाली तर दोष वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये आहे.

जुन्या नाशकात आणि पंचवटीत जुन्या वाड्यांतल्या खोल्यांमध्ये हा त्रास होऊ शकतो. बोर्डवर तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हेडफोनचा विषय बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक-दोन. हे मोजमाप स्वतः करू नका. अर्थिंग नीट करून घ्यायचा खर्च चांगल्या हेडफोनपेक्षा बराच कमी येतो, आणि त्यात तुमचा जीवही सुरक्षित राहतो.

दुसरा टप्पा: डोळे मिटून चाचणी

आता बघायचं की तुमचा सध्याचा हेडफोन कुठे कमी पडतो. एक मित्र आणि गेममधली खासगी मॅच एवढं पुरे.

तुम्ही नकाशावर मोकळ्या जागी उभे राहा, माउसला हात लावू नका, डोळे मिटा. मित्राने तुमच्या पुढे, मागे, डावीकडे किंवा उजवीकडे सारख्याच अंतरावर चार पावलं पळायचं. क्रम त्याने आधीच कागदावर चिठ्ठ्या टाकून ठरवलेला असावा, कारण मनाने ठरवला की नकळत आलटून-पालटून होतो. तुम्ही दिशा सांगायची, त्याने लिहायची. असं २० वेळा. नुसत्या अंदाजाने चार दिशांमधून सरासरी ५ बरोबर येतात. डावं-उजवं सगळं बरोबर आणि चुका फक्त पुढे-मागे होत असतील, तर गेममधला एचआरटीएफचा पर्याय बदलून पुन्हा करा.

मग कुणाचा तरी महाग हेडफोन एका संध्याकाळपुरता मागून आणा आणि तीच चाचणी तशीच करा. यात एक गोष्ट चुकली तर सगळं फुकट जातं: दोन्हींचा आवाज सारखा पाहिजे. जो हेडफोन दोन-तीन डेसिबल मोठा वाजतो तो चांगलाच वाटतो, मग तो कसाही असो. एकच आवाज दोन्हींवर वाजवा, फोनमधलं ध्वनिमापक ॲप चालू करून फोनचा माइक इअरकपच्या मधोमध धरा आणि आकडा जुळेपर्यंत व्हॉल्यूम फिरवा. ॲपचा आकडा अचूक नसतो, तुलनेला चालतो. २० पैकी १४ आणि १५ यांत काही फरक नाही. ११ चे १७ झाले, आणि दुसऱ्या दिवशीही तसेच आले, तर तो फरक खरा धरा.

सोबत दोन छोट्या तपासण्या. कुणाचं तरी नुसतं बोलणं मोनोमध्ये लावा, ते बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू आलं पाहिजे. एका कानाकडे झुकत असेल तर हेडफोन उलटा घाला. झुकाव दुसऱ्या बाजूला गेला तर दोन ड्रायव्हर जुळत नाहीत. असा हेडफोन बदलण्यात अर्थ आहे. दुसरी, २० ते २०० हर्ट्झचा चढता सूर हळू आवाजात लावा. मध्येच काही फडफडलं तर ड्रायव्हरवर केस अडकलेला असतो किंवा पडदा सैल झालेला असतो.

खोली कशी आहे

ओपन-बॅक हेडफोनची मागची बाजू जाळीची असते. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, अंतराची जाणीव चांगली येते, कानही कमी तापतात. दिशा ओळखण्याच्या खेळाला आमची पहिली पसंती हीच, पण शांत खोली असेल तरच. नाशकात हिवाळ्यात पंखा बंद असतो, रात्री सगळं निवांत असतं, तेव्हा ओपन-बॅक छान वाटतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, खिडकीत कूलर लागतो आणि त्याची घरघर जाळीतून थेट कानात येते. द्वारका किंवा मुंबई नाक्याजवळ हायवेला लागून घर असेल, किंवा गणपतीआधी जवळच्या मैदानावर ढोल पथकाचा सराव चालत असेल, तर तेच. उलट बाजूही लक्षात घ्या: तुमच्या गोळीबाराचा आवाज खोलीत झोपलेल्या आजीलाही ऐकू जातो.

अशा घरात क्लोज्ड-बॅक किंवा कानात घालायचे आयईएम घ्या. हा फक्त सोयीचा प्रश्न नाही. गोंगाटावर मात करायला व्हॉल्यूम वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मुभा आहे, ९० डेसिबलला फक्त ४ तासांची. रोज दोन तास ९० ला खेळणारा आठवड्याची मर्यादा दुसऱ्याच दिवशी संपवतो. बाहेरचा आवाज अडवणारी वस्तू घेऊन व्हॉल्यूम दहा डेसिबलने खाली आला, तर तो पैसा शंभर टक्के वसूल. नॉइज कॅन्सलिंगही पंख्या-कूलरच्या एकसुरी आवाजावर चांगलं चालतं. शेजारच्या खोलीतल्या बोलण्यावर त्याचा उपयोग कमी होतो.

किती पैशांत काय मिळतं

दीड ते अडीच हजारांत आज मिळणारे तारेचे आयईएम या घडीला सगळ्यात किफायतशीर. आवाज समतोल, बाहेरचा गोंगाट अडतो, वजन नाहीच. मोठ्या स्पर्धांत व्यावसायिक खेळाडू गेमचा आवाज कानातल्या छोट्या इअरफोनवरच ऐकतात, आणि वरून घातलेला मोठा हेडसेट प्रेक्षकांचा गोंगाट दाबायला असतो. कमी पैशांत चांगली दिशा हवी आणि कानात काही घातलेलं सहन होत असेल, तर इथेच थांबा आणि दोन-तीन हजारांचा यूएसबी माइक घ्या.

सात ते दहा हजारांत मजबूत सांगाडा, बऱ्यापैकी माइक आणि चार तास घालता येतील अशा गाद्या मिळतात. पीसीवर खेळणाऱ्या बहुतेकांसाठी शहाणा खर्च इथपर्यंत आहे. त्यापुढे सेनहायझर एचडी ५६०एस किंवा बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो यांसारखे ओपन-बॅक येतात. आवाज अधिक स्वच्छ होतो, पण त्यांना माइक नसतो, तेवढे पैसे वेगळे धरा. २५ हजारांच्या वर जे वाढतं ते मुख्यतः संगीत ऐकण्याचं सुख, वायरलेसची सोय आणि ब्रँडचं नाव. रोज गाणी ऐकणाऱ्याने जरूर घ्यावा. फक्त रँक वाढवायला घेत असाल तर आमचा सल्ला ठामपणे 'घेऊ नका' असाच आहे.

वजनाचा आकडा मात्र किंमत कितीही असली तरी बघाच. डीटी ९९० प्रो साधारण २५० ग्रॅमचा आहे, ऑडेझी मॅक्सवेल ४९० ग्रॅमचा. दुसऱ्याचा आवाज फार चांगला आहे, पण अर्धा किलो तीन तास मानेवर वागवायचा आहे.

अँप लागेल का, हे कागदावर काढा

अँप, म्हणजे ॲम्प्लिफायर, हेडफोनला जास्त व्होल्टेज देतो. हेडफोनच्या माहितीत इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेला आवाज किती मोठा येतो) दिलेली असते. डीटी ९९० प्रोची २५० ओमची आवृत्ती १ मिलिवॉटला ९६ डेसिबल देते. २५० ओमला १ मिलिवॉट म्हणजे ०.००१ गुणिले २५० याचं वर्गमूळ, ०.५ व्होल्ट. क्षणिक धमाक्यांसाठी ११० डेसिबलची तयारी हवी धरली तर १४ डेसिबल वाढवायचे, म्हणजे व्होल्टेज पाचपट: २.५ व्होल्ट. साध्या मदरबोर्डकडून किंवा डोंगलकडून साधारण १ व्होल्ट मिळतो, म्हणजे आवाज दबलेला वाटेल आणि अँपचे चार-पाच हजार वेगळे पडतील. याउलट एचडी ५६०एस १ व्होल्टलाच ११० डेसिबल देतो, त्याला डोंगल पुरतं. डीटी ९९० प्रो ८० ओमचाही मिळतो. घेताना खोक्यावरचा आकडा वाचा, दुकानदाराने 'सेमच आहे' म्हटलं तरी.

वायरलेसचं काय

नेहमीच्या ब्लूटूथवर आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. ६० फ्रेमच्या खेळात २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम, तोवर समोरच्याने गोळी घातलेली असते. शिवाय ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज हँड्सफ्री मोडमध्ये जाऊन मोनो आणि फोनवरच्यासारखा होतो, दिशा संपली. वायरलेस हवंच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचं स्वतःचं डोंगल असलेलं मॉडेल घ्या. ते डोंगल कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टला खोचू नका, त्या पोर्टचा उपद्रव नेमका २.४ गिगाहर्ट्झवरच होतो आणि आवाज तुटतो. छोट्या एक्स्टेंशनने ते टेबलावर आणा.

दुकानात आणि घरी आल्यावर

एम. जी. रोड, कॉलेज रोड किंवा मॉलमधल्या दुकानात डेमो पीस असेल तर किमान वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. पाच मिनिटांत सगळेच मऊ वाटतात. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. काडीमुळे गादी उचलली गेली की फटीतून बेस गळतो आणि आवाज किरटा होतो. कान गादीच्या आत पूर्ण मावला पाहिजे, ड्रायव्हरच्या जाळीला टेकता कामा नये. स्टुडिओचे हेडफोन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नसतील तर वाद्यांच्या दुकानात विचारा. ऑनलाइन मागवलात तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, परत करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका आणि वरच्या सगळ्या चाचण्या त्या तारखेच्या आत उरका. सर्व्हिस सेंटर नाशकात आहे की वस्तू मुंबईला पाठवावी लागेल, हे बिल करण्याआधी विचारून घ्या. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

किमतीचा हिशेब तासावर करा. रोज दोन तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ६०० तास. १५ हजारांचा हेडफोन तीन वर्षं टिकला तर तासाला ८ रुपये ३३ पैसे. अडीच हजारांचा दर वर्षी मोडला तर तासाला ४ रुपये १७ पैसे. चार रुपयांच्या फरकात डोकं दुखणं थांबत असेल तर महागच घ्या. चाचणीत काही फरक दिसला नसेल आणि जुना टोचत नसेल, तर पैसे मॉनिटरसाठी किंवा खुर्चीसाठी ठेवा.

टिकण्याचं गणित बरंचसं गाद्यांवर आहे. कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने सोलवटतात आणि काळे पापुद्रे कानाला चिकटतात. खेळून झाल्यावर कोरड्या सुती कपड्याने पुसा, जुलै ते सप्टेंबर सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून डब्यात ठेवा, आणि हेडफोन घेतानाच त्याच्या सुट्या गाद्या मिळतात का हे बघा. मखमली गाद्या जास्त टिकतात आणि कमी तापतात, पण क्लोज्ड-बॅकला लावल्या तर बेस थोडा उतरतो. तसं झालं तर वर केलेली १२० हर्ट्झची कपात ५ वरून २-३ डेसिबलवर आणा.